निळी टोपी वर

११ फेब्रुवारी

चष्म्याचा नंबर वाढलेला नाही! डॉक्टरांचा विश्वास बसेना, दोनदा तपासलं. "करता काय तुम्ही?" म्हणाले. सांगितलं — बावीस वर्षं रोज सहा तास मायक्रोस्कोपला डोळे लावून बसते. समुद्रतळाचा गाळ धुवायचा, चाळायचा आणि त्यातली वाळूच्या कणाएवढी कवचं ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक करून उचलायची. "कशासाठी?" आता हनुवटी त्या यंत्रावर टेकवलेली असताना माणसाने काय काय सांगायचं! तरी सांगितलं. मला कुणी विचारलं की राहवत नाही.

हिमयुगात हवेतला कार्बन बराच कमी झाला होता. एक तृतीयांश गायब. तो गेला कुठे? बराचसा खोल समुद्रात. वरचं पाणी थंड होऊन खाली जातं, तळातळाने फिरतं, शेकडो वर्षांनी वर येऊन पुन्हा हवेला भेटतं. हिमयुगात हे फिरणं मंदावलं. खालचं पाणी खालीच बसून राहिलं, कार्बन पोटात घेऊन. हे कळतं कवचांवरून. काही जीव वरच्या पाण्यात राहतात आणि मेल्यावर तळाशी पडतात, काही जन्मतात तळाशीच. एकाच थरातली दोन्ही कवचं घेऊन वय काढलं की तळाची नेहमी जास्त जुनी निघतात. जेवढा फरक मोठा, तेवढं ते पाणी जास्त काळ हवेला भेटलेलं नाही.

डॉक्टर म्हणाले, "म्हणजे कोंडलेलं पाणी." बरोब्बर! मला आवडला हा माणूस.

सर्टिफिकेट दिलं. जहाजावर जायला डोळे ठणठणीत. जूनमध्ये सफर आहे आणि आमच्या प्रमुख सरांनी मागच्या आठवड्यात सगळ्यांसमोर सांगितलं — या वेळी मुख्य तंत्रज्ञ बाई. बाई म्हणजे मी. अकरा वर्षांनी समुद्रावर! यादी अजून लागायची आहे, पण सर बोलले म्हणजे बोलले.

१४ फेब्रुवारी

ह्यांच्या पुस्तिकेचं पहिलं प्रकरण झालं. मला समोर बसवून वाचून दाखवलं. भाजी करपली तरी उठू दिलं नाही.

"गाळाने भरलेला नळा समुद्रतळातून डेकवर आला की आधी त्याचे वरचे टोक ओळखावे. दीड-दीड मीटरचे तुकडे करावेत. तुकडा कापला की त्याच क्षणी टोप्या लावाव्यात. निळी टोपी वर, पांढरी खाली. टोपी आधी, बोलणे नंतर." शेवटच्या वाक्याला माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. मी म्हटलं, "अहो, मला काय बघता? मला पाठ आहे." तर म्हणाले, "पाठ सगळ्यांनाच असतं गं. हाताला असावं लागतं."

एकतीस सफरी आणि एकही तुकडा चुकला नाही — हे वाक्य दिवसातून एकदा होतंच. प्रस्तावनेतही घातलंय. मी म्हटलं, जरा आत्मस्तुती होतेय. म्हणाले, आत्मस्तुती नव्हे, नोंद आहे.

निवृत्त होऊन चार वर्षं झाली. हृदय पावपट ताकदीने चालतंय असं डॉक्टर म्हणतात. एक जिना चढले की खुर्ची लागते. मधली तीन वर्षं माणूस खिडकीशी बसून नुसता शेजाऱ्यांच्या गाड्या मोजत होता. सरांनी सांगितलं, नव्या पोरांसाठी सगळं लिहून द्या, संस्था छापेल. तेव्हापासून सकाळी आठला दाढी करून टेबलाशी! कागदांवरून माझ्यावर ओरडायला लागलेत. मला किती बरं वाटतं ते ह्यांना सांगायची सोय नाही, लगेच डोक्यावर बसतील.

२० फेब्रुवारी

धांदलचे आकडे आले.

धांदल म्हणजे आमची संशोधक विद्यार्थिनी. नाव मी ठेवलंय, मनातल्या मनात. तीन वर्षांत दोन चाळण्या, एक काचेचा फनेल आणि माझा सगळ्यात लाडका कप — सगळं त्या पोरीने फोडलं. पण डोकं असं की सरसुद्धा तिच्याशी वाद घालताना आधी पाणी पितात.

तिने आमच्या जुन्या नळ्याचा तिसरा तुकडा घेतला होता. हिमयुग संपतानाचा काळ त्या दीड मीटरमध्ये आहे. बावीस वर्षांपूर्वी वय काढणं फार महाग होतं, म्हणून एका तुकड्यातून एकच नमुना पाठवायचे, तोही मधोमध. हिने दर दहा सेंटिमीटरला एक असे चौदा पाठवले. कवचं वेचली मी, कुप्या भरल्या तिने.

आणि आकडे उलटे! खाली जावं तसं वय वाढायला हवं. इथे खाली जावं तसं कमी होतंय. एखाददुसरा नाही, चौदाच्या चौदा.

सरांनी कागद पाहिला, तिच्याकडे पाहिलं. "कुप्या उलट्या क्रमाने लावल्यास." विचारलंसुद्धा नाही, सांगितलं. ती म्हणाली, "नाही सर." सर म्हणाले, "मग गाळ आकाशातून वर पडला का?" ती माझ्याकडे वळली, "मावशी, मी नाही हो." मला कप आठवत होता.

२८ एप्रिलला समितीपुढे तिचं सादरीकरण. तोपर्यंत आकडे उभे राहिले नाहीत तर शिष्यवृत्ती बंद, तीन वर्षं पाण्यात आणि पोरगी घरी.

२१ फेब्रुवारी

ठरलं. दुसरा संच मी स्वतः वेचते, कुप्या मी भरते, चिठ्ठ्या मी लावते. धांदलने हात लावायचा नाही. तिने दोन्ही हात मागे बांधून दाखवले. हसली, पण डोळे लाल.

३ मार्च

एका नमुन्याला वरच्या पाण्यातली चारेकशे कवचं लागतात. तळाची तर मिळतच नाहीत, एका बशीत सात सापडली तर देव पावला म्हणायचं. मान गेली. सात नमुने झाले.

ह्यांचं दुसरं प्रकरण झालं. दोऱ्या आणि गाठी. सोळा पानं! म्हटलं, "वाचणार कोण?" म्हणाले, "ज्याचं बोट तुटायचं नसेल तो."

१० मार्च

चौदा कुप्या रवाना. चिठ्ठ्या तीनदा तपासल्या. धांदल दारात उभी राहून बघत होती, खिशात हात घालून.

सरांशी चहाला बसले होते. बोलता बोलता जुनं निघालं. याच नळ्यावर त्यांचं नाव झालं. तळाच्या कवचांतल्या कार्बनची जात, हलका की जड, बघून त्यांनी दाखवलं होतं की हिमयुग संपताना खोल समुद्राचं झाकण दोनदा उघडलं. एकदा उघडलं, कार्बन बाहेर आला, पुन्हा बंद झालं, मग पुन्हा उघडलं. जगात दुसऱ्या कुणाच्या नळ्यात असं दिसलेलं नाही. लोक विचारायचे तेव्हा सर म्हणायचे, आमच्या भागात समुद्र वेगळा वागला. बावीस वर्षं हेच शिकवतायत. मीही येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच सांगते, हाताने झाकण उघडून, मिटून, पुन्हा उघडून दाखवते.

४ एप्रिल

दुसऱ्या संचाचे आकडे आले. पुन्हा उलटे. अगदी तसेच!

म्हणजे पोरीच्या कुप्या बरोबर होत्या. मी सरांना तसं म्हटलं. तर आता म्हणतात, "किड्यांनी गाळ ढवळला असेल." तळाचे किडे पाच-दहा सेंटिमीटर उकरतात. दीड मीटर पद्धतशीर उलटवायला ते किडे आहेत की नांगराचे बैल? असं तोंडावर म्हणाले नाही. इथे म्हणते.

सरांचं शेवटचं वाक्य: "तिने नमुने कापतानाच गोंधळ केला असेल. तिचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे बाई." खोटं नाही म्हणून जास्त लागलं.

५ एप्रिल

सकाळी कोल्ड रूममध्ये गेले. प्रत्येक तुकडा उभा चिरून दोन अर्धे केलेले असतात — एक वापरायचा, एक जपून ठेवायचा. जपलेला अर्धा बावीस वर्षांत कुणी काढलेला नाही. कोट घालून, मांडणीच्या तळाशी वाकून, ओढून बाहेर काढला. ओला कपडा फिरवला, दिवा धरला.

साधारण मध्यावर राखेचा बोटभर पट्टा आहे. कुठल्यातरी ज्वालामुखीची राख. राख पडते ती एका दमात, म्हणून पट्ट्याची खालची कड सुरीने कापल्यासारखी स्वच्छ असते. वरची कड पुसट, कारण नंतर पडलेला गाळ आणि किडे ती कालवतात. हे मी दरवर्षी नव्या मुलांना दाखवते. आज स्वतः बघितलं — स्वच्छ कड वर, पुसट कड खाली.

तुकडा उलटा आहे. जहाजावरच टोप्या चुकीच्या टोकांना लागल्या. निळी खाली, पांढरी वर. नंतर सगळ्यांनी टोप्यांवर विश्वास ठेवला. तुकडा उलटा झाला तरी मधोमधचं वय तेच येतं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही!

नळ्यावर काळ्या शाईत बाण आणि आकडा काढलेला आहे. अक्षर बघताच ओळखलं.

बराच वेळ पायरीच्या स्टुलावर बसून राहिले. चार अंश तापमानात. बोटं निळी पडल्यावर उठले.

६ एप्रिल

ग्रंथालयातून त्या सफरीचं लॉगबुक काढलं. तो दिवस, दुपारची पाळी. लॉगबुक हेच लिहायचे, ह्यांच्या सुबक ओळी. "समुद्र खवळलेला. वारा वाढता." नळा आठ तुकडे. कापणी — ह्यांचं नाव. टोप्या — माझं.

स्पष्ट आहे. खाडाखोड नाही.

९ एप्रिल

काही बोलले नाही. सरांना नाही, ह्यांना नाही.

हिशेब सरळ आहे. सांगितलं की पहिला प्रश्न — कुणी लावल्या टोप्या? लॉगबुक उघडणार. ज्या बाईने बावीस वर्षांपूर्वी तुकडा उलटा केला तिला मुख्य तंत्रज्ञ करून कोण पाठवेल? मीही पाठवणार नाही. यादी पंधराला लागते. सोळाला सांगितलं तर? जहाज माझं, आणि समितीला अजून बारा दिवस. असा विचार मी काल दिवसभर केला. लिहायला लाज वाटते, पण केला.

मला जायचंय हो त्या जहाजावर! एकावन्न वय आहे. पुढची सफर निघेपर्यंत असले गुडघे घेऊन मला कुणी नेणार नाही.

१२ एप्रिल

ह्यांनी विचारलं, "तुझं तोंड का असं?" म्हटलं, मान दुखते. मानेला तेल लावून दिलं आणि लावता लावता गाठींचं प्रकरण पुन्हा ऐकवलं.

१४ एप्रिल

धांदल आज जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी आली. उभीच राहिली. म्हणाली, "मावशी, मला वाटतं मी खरंच नमुने उलटे कापले असतील."

मी म्हटलं, "वेडी आहेस का? तुझ्या वहीत नोंद आहे की."

"नोंदही चुकीची केली असेल. आठवून बघितलं की आता मला तसंच आठवतं. टोकच चुकले असेन. सगळे म्हणतात म्हणजे असेल ना? माझ्या हातून पडतंच सगळं." मग म्हणाली आईला फोन केलाय, खोली महिनाअखेर सोडते.

तिचे हात बघितले. टेबलाच्या कडेपासून लांब धरले होते, काही लागू नये म्हणून. पोरीने जे केलं ते अगदी चोख केलं आणि आता तिचाच तिच्यावर भरवसा उरला नाही. मला स्वतःची इतकी चीड आली की दुपारी एकही कवच उचलता आलं नाही. नऊ दिवस! नऊ दिवस मी तिला हे करू दिलं.

उद्या सांगते. यादी लागायच्या आधी.

१५ एप्रिल

सांगितलं.

सकाळी नऊला सरांच्या खोलीत गेले. म्हटलं, "तिसरा तुकडा उलटा आहे. चला, दाखवते." सर उठले. कोट न घालताच कोल्ड रूममध्ये आले. राखेच्या पट्ट्याकडे बघत राहिले, नाक गाळाला टेकेल इतके जवळ. शिक्षक माणूस, स्वतःच दरवर्षी शिकवतो, त्याला आणखी काय समजावायचं!

खोलीत परत आले. जुना आलेख काढला, तो प्रसिद्ध, भिंतीवर लावलेला, काचेतून सोडवला. खणातून कात्री घेतली आणि मधला तुकडा कापला. उलटा फिरवला. पुन्हा जागेवर ठेवला. चढ-उतार-चढ गेला. एकच लांब, सावकाश चढ. झाकण दोनदा उघडलंच नव्हतं. एकदाच. हळूहळू, चार हजार वर्षं. खोल पाणी वर येत राहिलं आणि कार्बन सोडत राहिलं, जसं बाकीच्या सगळ्यांच्या नळ्यांत दिसतं.

"बावीस वर्षं, बाई," म्हणाले. मग, "मुलीचे आकडे बरोबर आहेत." शेवटी, "पाळी कुणाची होती?"

म्हटलं, "माझी. टोप्या मी लावल्या." लॉगबुक पुढे ठेवलं. सर तेव्हा दुसऱ्या पाळीत होते, झोपलेले. त्यांनी ती ओळ वाचली आणि लॉगबुक मिटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. "यांना माहीत आहे?" म्हणाले. हे म्हणजे माझे हे. म्हटलं, "मी सांगते. तुम्ही फोन करू नका." तेवढं त्यांनी कबूल केलं.

दुपारी चारला यादी लागली. मी नाही. मुख्य तंत्रज्ञ म्हणून माझ्या हाताखालचा लागला, बत्तीस वर्षांचा. चांगला आहे. माझ्याकडे बघेना.

बाथरूममध्ये जाऊन रडले. दहा मिनिटं. मग धांदलला शोधून सांगितलं. ती ओरडली, मला मिठी मारली आणि कोपराने तिवईवरची बाटली पाडली. फुटली. दोघी हसलो.

१६ एप्रिल

ह्यांना सांगितलं. जेवण झाल्यावर, गोळ्या घेऊन झाल्यावर.

आधी विश्वास बसेना. "आपला नळा? माझा नळा?" मग चेहरा लाल. मला वाटलं हृदयाला काही होतं की काय, हात धरायला गेले तर झटकला. "तुझं लक्ष कुठे होतं? टोपी आधी, बोलणं नंतर — किती वेळा सांगितलं होतं! पहिल्या दिवसापासून!"

मी विचारलं, "तुम्हाला त्या दुपारचं काय आठवतं?"

"काय आठवायचं? समुद्र खवळलेला होता. मी कापत होतो, तू टोप्या लावत होतीस. दुसरं कोण असणार? लॉगबुकात आहे."

"हो," म्हटलं. "लॉगबुकात आहे."

"माझ्या पाळीत," म्हणाले. हे तीनदा म्हणाले.

१८ एप्रिल

अबोला. मीठ हवं असलं तरी स्वतः उठून घेतात. उठताना दम लागतो, तरी.

२१ एप्रिल

आज बोलले. बोलले म्हणजे वाचून दाखवलं. पहिल्या प्रकरणात नवा परिच्छेद घातलाय!

"कुशल तंत्रज्ञाकडूनही प्रमाद घडू शकतो. एका सफरीत खवळलेल्या समुद्रात सहकारी तंत्रज्ञाने तिसऱ्या तुकड्याच्या टोप्या उलट लावल्या. परिणामी बावीस वर्षे चुकीचा निष्कर्ष शिकवला गेला. यापुढे कापणाऱ्याने टोपी लावणाऱ्याचे काम प्रत्येक वेळी स्वतः तपासावे."

"तुझं नाव नाही घातलं," म्हणाले. मोठेपणा केल्यासारखं.

मला इतका राग आला! चप्पल घातली आणि निघाले. दोन चौक पुढे, दोन मागे, पुन्हा तेच. एका दुकानाच्या काचेत स्वतःला बघितलं, ओठ हलत होते. भांडत होते मी, रस्त्यात, एकटी. मग थकले. परत आले तर हे दारात उभे, एका हाताने चौकट धरून. "कुठे गेली होतीस न सांगता? मला खाली उतरता येत नाही, माहीत आहे ना?" मग हळूच, "प्रस्तावनेतलं ते वाक्य काढू का? एकही तुकडा चुकला नाही ते. माझ्या पाळीत झालं म्हणजे माझंही थोडं आलंच."

म्हटलं, "राहू दे. तुमच्या हातून नाही ना चुकला."

खूश झाले. चहा मागितला.

२८ एप्रिल

धांदल पास! नुसती पास नाही, समितीतले दोघे उभे राहिले. तिने आलेख दाखवला, मग सरांनी मध्येच हात वर केला आणि स्वतः बोलले: "यातलं माझं जुनं म्हणणं चूक होतं. ते या मुलीच्या आकड्यांनी दाखवलं. आणि मी आधी तिच्यावरच संशय घेतला." अडखळले नाहीत. कुणीतरी विचारलं, तुकडा उलटा कसा झाला? सर म्हणाले, "आमच्याकडून." मला त्या माणसाबद्दल जे काही बरंवाईट वाटत होतं त्यात आज बऱ्याची भर पडली.

नंतर धांदलने मला गाठलं. "मावशी, तुम्ही बोलला नसता तर कुणालाही कळलं नसतं. जहाज मिळालं असतं तुम्हाला." म्हटलं, "आणि तू?" नवा कप आणलाय तिने माझ्यासाठी. पत्र्याचा.

१३ मे

पुस्तिका छापून आली. ह्यांनी पहिल्यांदा शेवटचं पान उघडलं, मग पहिलं, मग पाठीवर हात फिरवला. दिवसभर कुणाकुणाला फोन. दोन चुका सापडल्या छपाईच्या. दोन्हींबद्दल मला बोलणी बसली, मुद्रितं मी वाचली होती.

२६ मे

सरांनी ह्यांना संस्थेत बोलावलं, जहाजावर जाणाऱ्या मुलांना चार गोष्टी सांगायला. लिफ्ट होती म्हणून जमलं. बोलायचं होतं वीस मिनिटं, बोलले सव्वा तास. खुर्चीत बसून, पण आवाज जुना, डेकवरचा. मुलं हलली नाहीत.

टोप्यांवर आले आणि मला वाटलं होतं तेच केलं. मी भिंतीशी उभी होते. "एक तंत्रज्ञ होती," म्हणाले, "हुशार. पण दुपारच्या पाळीत लक्ष विचलित झालं." आणि माझ्याकडे बघून डोळा मिचकावला! सगळ्यांना कळलं. हशा पिकला. मीही हसले. खरंच हसले, कारण पाच वर्षांत ह्यांना असं बघितलं नव्हतं — गालांवर रंग, हात हवेत, खोटी टोपी खोट्या नळ्यावर बसवून दाखवतायत.

माझ्या हाताखालचा बत्तीस वर्षांचा जाताना ह्यांच्या पाया पडल्यासारखा वाकला आणि पुस्तिकेवर सही मागितली. घरी आल्यावर सहा तास झोपले. उठल्यावर म्हणाले, "वाईट नाही ना वाटलं तुला?"

"नाही," म्हटलं. थोडं वाटलं होतं.

२ जून

सकाळी दहाला जहाज सुटलं. धक्क्यावर गेले नाही.

आता लिहिते. त्या दुपारी मी डेकवर नव्हतेच. माझी पहिली सफर, खालच्या केबिनमध्ये बादली धरून आडवी होते, मान वर होत नव्हती. नोकरी दोन महिन्यांची. पाळी चुकली असती तर पुढच्या बंदरावर उतरवलं असतं. लग्न तर पुढे वर्षाने झालं, तेव्हा हे माझे कुणी नव्हते. ह्यांनी वादळात एकट्याने नळा कापला, एकट्याने टोप्या लावल्या, लॉगबुकात माझं नाव लिहिलं आणि खाली येऊन म्हणाले, "झोप, तुझी हजेरी लागली." तुकड्यावरचं अक्षर ह्यांचं आहे. दोघांचं काम एकट्याने केलं, माझ्यासाठी, आणि एक टोपी चुकली. हे ह्यांच्या लक्षात राहिलेलं नाही. घरात ही वही कुणाच्याही हाताला लागते, म्हणून इतके दिवस इथेही लिहिलं नव्हतं. उद्यापासून ती संस्थेतल्या माझ्या खणात ठेवते.